देवकुंडला मुलाबाळांसह एका दिवसात: तयारी, वेळेचं गणित आणि परतीची वाट

ताम्हिणी घाटाच्या पायथ्याला, रायगड जिल्ह्यातल्या भिरा-पाटणूस परिसरात देवकुंड धबधबा आहे. गावातून धबधब्यापर्यंत एका बाजूने साधारण सहा किलोमीटर चाल आहे आणि गाडी गावाच्या पुढे जात नाही. वाट अवघड नाही. सहली बिघडतात त्या उशिरा निघाल्यामुळे, चुकीच्या महिन्यात गेल्यामुळे किंवा ओढा ओलांडताना घाई केल्यामुळे. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. पहिल्या चार टप्प्यांवर जास्त वेळ दिला आहे, कारण बहुतेक चुका घरातून निघण्याआधीच झालेल्या असतात.

१. महिना आणि दिवस ठरवणे

कुटुंबासाठी योग्य काळ म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य. दसऱ्यानंतर धबधब्याला भरपूर पाणी असतं आणि ओढे उतरलेले असतात. जानेवारीनंतर धार बारीक होत जाते. उन्हाळ्यात इकडे फिरकूच नका. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती.

पावसाळ्यात जायचं नाही. गेली काही वर्षं त्या काळात जिल्हा प्रशासन इथे मनाई आदेश काढतं. पूर्वी तो जमावबंदीच्या कलम १४४ खाली निघायचा, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. आदेश उठला आहे का, हे निघण्याच्या दोन दिवस आधी गावातल्या वाटाड्याला किंवा स्थानिक पोलीस ठाण्याला फोन करून विचारा. ‘मागच्या आठवड्यात आमचे मित्र जाऊन आले’ ही परवानगी नव्हे.

हवामान पाहताना जवळपास सगळेच एक चूक करतात, ती म्हणजे फक्त भिऱ्याचं हवामान पाहतात. देवकुंडात पडणारं पाणी वरच्या ताम्हिणी पठारावरून, प्लस व्हॅलीच्या घळीतून येतं आणि तो भाग पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात आहे. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. वर ढग फुटतो तेव्हा खाली ऊन असू शकतं. म्हणून हवामान खात्याच्या संकेतस्थळावर रायगड आणि पुण्याचा घाटमाथा, दोन्हीकडचे इशारे पाहा. पैकी एकाही ठिकाणी नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत रद्द करा. पिवळा असेल तर वाटाड्याला विचारा: ‘काल वर पाऊस होता का? ओढ्याला पाणी किती?’ उत्तर गुळमुळीत आलं तर आठवडाभर थांबा.

ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस सहसा दुपारनंतर गडगडाट करत येतो. सकाळी लवकर निघण्यामागे ऊन चुकवण्याइतकंच हेही कारण आहे.

> तपासणी: मनाई आदेश नाही, दोन्हीकडे इशारा नाही, आदल्या दिवशी घाटमाथ्यावर जोराचा पाऊस नाही. तिन्ही जमलं तरच पुढे.

शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुट्टी टाळता आली तर टाळा. गर्दीत ओढ्यावर रांग लागते आणि रांगेत मागून रेटा येतो.

२. कोण येणार आणि कोण गावात थांबणार

हा निर्णय घरीच, मुलांच्या कानाआड घ्या. एकदा बॅगा भरल्या की ‘तू नको येऊस’ म्हणणं कोणालाच जमत नाही.

सोपी कसोटी अशी: जे मूल आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड स्वतःच्या पायांनी दोन तासांत चढून त्याच दिवशी उतरू शकतं, ते देवकुंडला येऊ शकतं. मुंबईकरांनी हीच कसोटी कर्नाळ्यावर घ्यावी. साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका. ती चालतात, पण परतीला हमखास कडेवर येतात. मूल कडेवर घेऊन शेवाळलेल्या कातळावरून उतरताना पायाखालचं दिसत नाही, आणि पाय घसरला तर दोघंही पडतात.

गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना चढ जमेल, उतार जमणार नाही. त्यांची गावातल्या एखाद्या घरी बसण्याची, जेवणाची सोय आधी सांगून ठेवा. दमा असलेल्यांनी पंप खिशात ठेवावा, गाडीत नाही.

सरावासाठी जाण्याआधी दोन आठवडे, दर रविवारी दोन तास चाला. नवीन बूट याच वेळी घालायचे. सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घातलेला बूट तासाभरात टाचेला फोड आणतो आणि फोड आलेलं मूल पुढचे पाच तास तुमचं डोकं खातं.

३. सामान: वजन, पाणी, खाणं

चौघांच्या कुटुंबाचा हिशेब असा. मोठ्यांना प्रत्येकी अडीच लिटर पाणी, मुलांना दीड लिटर, म्हणजे एकूण आठ लिटर. आठ लिटरचं वजन आठ किलो होतं, हे लक्षात घेऊन बाकीचं सामान कापा. मोठ्यांची सॅक सहा किलोच्या आत, मुलाची दोन किलोच्या आत. मुलाच्या पाठीवर त्याचं पाणी, खाऊ, टोपी आणि शिट्टी एवढंच.

सगळं पाणी एकाच्या सॅकेत भरू नका. ती व्यक्ती मागे राहिली की पुढचे तहानेने थांबतात.

पायात: खोल नक्षीच्या रबरी तळव्याचे, पूर्ण बंद बूट. गुळगुळीत तळाचे रनिंग शूज ओल्या कातळावर तेल लावल्यासारखे सरकतात. सँडल, क्रॉक्स, चपला घरी. सुती मोजे भिजले की फोड येतात, म्हणून जाड सिंथेटिक मोजे घ्या आणि एक जोड सुका ठेवा. अंगात पूर्ण बाह्यांचा, पटकन वाळणारा शर्ट आणि पूर्ण पँट. जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटते.

खाणं: दशम्या, मेथीचे ठेपले, थालीपीठ, उकडलेले बटाटे, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की. दशमी दुधात मळलेली असल्याने मऊ राहते आणि नुसती चावून खाता येते. दहीभात दुपारपर्यंत आंबतो. चिप्सची पाकिटं तहान वाढवतात आणि रिकामी पिशवी वाऱ्याने कुंडात जाते. एकूण खाण्याचे सहा-सात छोटे भाग करून वेगवेगळ्या पुड्यांत बांधा. एकच मोठा डबा उघडला की अर्धा तास मोडतो.

मीठ-साखरेचं पाणी: ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट अंदाजे ग्लासात ढवळून मुलाला देणं ही नेहमीची चूक आहे. जास्त दाट झालं तर उलटी-जुलाब वाढू शकतात. ओआरएस नसेल तर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत चालेल.

औषधांची पुडी: चार इंची क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जंतुनाशक मलम, पॅरासिटामॉल (मुलांच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून), घाटात उलटी होणाऱ्यांचं औषध, कात्री.

याशिवाय प्रत्येकाकडे शिट्टी, दोघांकडे बॅटरी, फोनसाठी प्लास्टिकची झिप पिशवी, कचऱ्यासाठी दोन पिशव्या. डिओडरंट आणि अत्तर लावून येऊ नका. सह्याद्रीत कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर किंवा आरडाओरडा झाला की ती उठतात.

> इशारा: दारू नेणाऱ्या गटाबरोबर कुटुंब घेऊन जाऊ नका. ओढा ओलांडताना ते तुमच्या पुढे-मागेच असणार.

४. वेळापत्रक उलटं मांडा

बहुतेक लोक सकाळपासून मोजतात आणि संध्याकाळी अडकतात. तुम्ही सूर्यास्तापासून मागे मोजा.

नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण ही दरी तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेली आहे. झाडीत पाचलाच अंधारतं. म्हणून गावात साडेचारपर्यंत पोहोचायचं. परतीला मुलांसह पावणेतीन तास धरा, म्हणजे धबधबा पावणेदोनला सोडायचा. तिथे एक-दीड तास हवा, म्हणजे सव्वाबारापर्यंत पोहोचायचं. जाताना तीन तास, म्हणजे गावातून सव्वानऊच्या आत निघायचं. वाटाड्या, नोंद, नाश्ता, शौचालय यांना पाऊण तास लागतो. गाडी साडेआठला गावात हवी.

पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, पाटणूस असा रस्ता आहे. मुलांचे थांबे धरून तीन तास, म्हणजे साडेपाचला घर सोडा. मुंबईहून पेण, नागोठणे, कोलाड आणि तिथून विळ्याकडे. चार-साडेचार तास धरा आणि चारला निघा. हे जमत नसेल तर आदल्या रात्री कोलाडला किंवा गावात मुक्काम करा. चार तास गाडी, सहा तास चाल, पुन्हा चार तास गाडी हा दिवस मुलांपेक्षा गाडी चालवणाऱ्याला जड जातो.

नकाशात ‘देवकुंड’ टाकू नका, ‘भिरा’ किंवा ‘पाटणूस’ टाका. पेट्रोल पौडच्या किंवा कोलाडच्या आधीच भरा. ताम्हिणीत नेटवर्क जातं, म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्या.

आता या वेळापत्रकातली सगळ्यात महत्त्वाची वेळ: साडेबारा. साडेबारापर्यंत धबधबा गाठला नसेल तर जिथे असाल तिथून परत फिरायचं, धबधब्याचा आवाज येत असला तरी. हे आदल्या रात्री मुलांना सांगा, नाहीतर वाटेवर रडारड होते आणि रडारडीपुढे मोठ्यांचा निश्चय टिकत नाही.

शेवटी, घरी थांबलेल्या एकाला लिहून पाठवा: गाडीचा नंबर, किती जण, वाटाड्याचं नाव आणि ‘सहापर्यंत आमचा फोन आला नाही तर ११२ वर कळव’.

५. गावात पोहोचल्यावर

वाटाड्या घ्याच. वाट ठळक दिसते म्हणून लोक तो टाळतात आणि जंगलात शिरल्यावर गुरांच्या वाटांवर भरकटतात. दर आणि परत यायची वेळ निघण्याआधी ठरवा. त्याच्याबरोबर आणखी कोणते गट आहेत तेही विचारा. पंचवीस जणांच्या गटात तुमचं मूल मागे पडलं तर त्याला कळणारही नाही.

जेवणाची ऑर्डर आत्ताच द्या, परतीच्या वेळेला. ‘काका, साडेचारला चार ताटं, दोन मुलांची भाजी कमी तिखट’ एवढं सांगितलं की तुमच्यावरही वेळेत उतरण्याचा धाक राहतो.

बूट घालण्याआधी उलटे करून आपटा. कोकणातल्या लाल विंचवाचं विष लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करतं. त्यावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलं, पण ते रुग्णालयात घ्यायचं औषध आहे, खिशात बाळगायचं नाही.

६. चाल

क्रम असा: पुढे वाटाड्या, त्याच्या मागे सगळ्यात हळू चालणारं मूल, मध्ये बाकीचे, शेवटी सगळ्यात दमदार मोठी व्यक्ती. गटाचा वेग दुसऱ्या क्रमांकाच्या पायांनी ठरतो. दमदार माणूस पुढे ठेवला की गट ताणला जातो आणि वळणावर तुटतो.

सुरुवातीची वाट धरणाच्या पाण्याच्या बाजूने, बरीच सपाट आहे. इथे मुलं पळतात आणि मोठे ‘एवढंच?’ म्हणत वेग वाढवतात. तो दम पुढच्या चढाला कमी पडतो. पंचवीस मिनिटं चाल, पाच मिनिटं उभ्याने विसावा असं ठेवा. दर विसाव्याला तीन-चार घोट पाणी आणि अर्ध्या तासाने खाऊची एक पुडी. तहान लागण्याची वाट पाहू नका.

पुढे दाट झाडी, दगडधोंडे आणि ओढे लागतात. कारवीच्या किंवा गवताच्या बुंध्याला धरून वर चढू नका, ती उपटून हातात येते. दगडाच्या फटीत न पाहता हात घालू नका. फुरसं बोटभर जाडीचं असतं आणि पाचोळ्यात अजिबात दिसत नाही.

शिट्टीचा संकेत ठरवा: एक म्हणजे ‘थांबा’, तीन म्हणजे ‘माझ्याकडे या’.

७. ओढा ओलांडणे

इथे पाच मिनिटं जास्त द्या.

1. आधी पाण्याकडे बघत थांबा. पाण्याच्या काठाला लागून एक दगड ठेवा. पाच मिनिटांत तो भिजला किंवा बुडाला तर पाणी चढतंय, ओलांडायचं नाही.
2. पाण्याचा रंग पाहा. स्वच्छ पाणी अचानक चहासारखं गढूळ होणं, पालापाचोळा-काटक्या वाहत येणं, आवाज घुमायला लागणं, यापैकी काहीही झालं तर ताबडतोब काठावरून उंच जागी जा. सामान राहिलं तर राहू दे.
3. पाणी गटातल्या सगळ्यात बुटक्या मुलाच्या गुडघ्यापर्यंत असेल तेवढंच ओलांडा.
4. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथे पाणी खोल आणि वेगाचं असतं. पसरट, उथळ जागा निवडा. खालच्या बाजूला डोह किंवा कडा नाही ना, हे पाहा.
5. बूट काढू नका. भिजले तर भिजले, मोजे दुसरे आहेत.
6. सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा. पडलात तर सॅक सोडून देता आली पाहिजे.
7. प्रवाहाकडे तोंड करून, आडवं, एका वेळी एकच पाय हलवत जा. मोठ्याने प्रवाहाच्या वरच्या बाजूला राहायचं, मुलाने त्याच्या खालच्या बाजूला, आणि मुलाचं मनगट धरायचं. बोटं निसटतात.

> इशारा: कमरेला दोर बांधून ओलांडू नका. पाय घसरला की दोर माणसाला पाण्याखालीच धरून ठेवतो.

जाताना घोट्याएवढा असलेला ओढा येताना मांडीएवढा होऊ शकतो. तसं झालं तर अलीकडेच, उंचावर बसून राहा. वरचा पाऊस थांबल्यावर डोंगरातले ओढे सहसा काही तासांत उतरतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण प्रवाहाच्या मध्यात अडकून वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. पाणी वाढायला लागलं की मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभं राहणं हा आसरा नव्हे. वेळ असतो तो पहिल्या मिनिटात, आणि तो काठाकडे जाण्यासाठी वापरायचा.

८. कुंडाजवळ

कुंडात उतरायचं नाही. पोहता येणाऱ्यांनीही नाही. धार पडते तिथलं पाणी फेसाळ असतं, त्यात हवा मिसळलेली असल्याने ते अंगाला नेहमीसारखं वर उचलत नाही, आणि कोसळणारी धार माणसाला खाली दाबते. वरून दगडही येतात. पाणी थंड असल्यानं दम लगेच तुटतो.

मुलांना पाण्यात पाय बुडवायचेच असतील तर कुंडापासून दूर, खालच्या बाजूला, घोट्याएवढ्या संथ पाण्यात. एक मोठा माणूस पाण्यात मुलांच्या खालच्या बाजूला उभा, फोन सॅकमध्ये. मुलांवर लक्ष ठेवणारा आणि फोटो काढणारा माणूस एकच असू नये.

पोहोचल्याबरोबर आधी खा, मग खेळा, मग निघण्याआधी पंधरा मिनिटं मोजे बदला. लोक उलटं करतात, आणि उपाशी, ओल्या पायांच्या मुलांना घेऊन उतार उतरतात.

> तपासणी: निघताना प्रत्येकाच्या बाटलीत अर्धं पाणी आहे का? नसेल तर मोठ्यांच्या बाटलीतलं वाटून द्या.

९. परतीची वाट आणि काही बिघडलं तर

पाय मुरगळण्याचे प्रसंग परतीलाच जास्त येतात. मुरगळला तर चालून उतरायचं असेल तोवर बूट काढू नका. काढला की सूज येते आणि पाय पुन्हा बुटात जात नाही. नाड्या थोड्या सैल करून बुटावरूनच क्रेप बँडेज घोट्याभोवती इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळा. पायावर भारच टाकता येत नसेल तर चालवू नका. वाटाड्याला गावात पाठवा आणि एक मोठा माणूस जखमीजवळ ठेवा.

साप चावला तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. पैंजण, अंगठी, घट्ट मोजा काढा, तो अवयव लाकडाला बांधून स्थिर करा आणि माणसाला उचलून न्या. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि माणगावचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.

दरीत फोनला रेंज नसते. त्यामुळे कुठे रेंज येते, हे चढतानाच वाटाड्याला विचारून ठेवा.

१०. गाडी सुरू करण्याआधी

जेवा, पण गाडी चालवणाऱ्याने पोट तुडुंब भरू नये. त्याला वीस मिनिटं आडवं होऊ द्या. मुलांची बोटं, कानामागे, मोजांची कड तपासा. जळू किंवा गोचीड असली तर इथेच सापडते. डोकी मोजा, आणि घरी थांबलेल्याला फोन करा, म्हणजे सहा वाजता तो उगाच ११२ फिरवणार नाही.

मुंबईकडे जाताना वाटेत कोलाडजवळ कुंडलिका शांत दिसते म्हणून पात्रात उतरू नका. तिचं पाणी धरणातून सोडल्यावर चढतं, तिथलं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. पुण्याकडे जाणाऱ्यांनी ताम्हिणी उजेडात पार करायचा असेल तर पाचला गाव सोडा. धुकं असेल तर पिवळे इंडिकेटर चालू ठेवून रस्त्यात थांबू नका, रुंद जागा बघून गाडी पूर्ण बाहेर घ्या.